एकोणिसाव्या दिवसाची नोंद

वर्गात बासष्ट विद्यार्थी होते आणि प्रत्येकाच्या डाव्या कानामागे नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली होती.

"डोळे मिटा," डॉ. केतकी गद्रे म्हणाली. "चौदा मिनिटं आहेत. सहन झालं नाही तर चकती काढा. त्यात कमीपणा नाही."

पहिली तीन-चार मिनिटं कोणी हललं नाही. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलाने पोटावर हात दाबला. कोणाची तरी मान हळूहळू खाली गेली, ती वर आलीच नाही. नवव्या मिनिटाला खिडकीजवळच्या मुलीने चकती ओढून काढली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मला इथून जायचंय," ती म्हणाली, "कुठेही. फक्त इथून."

दर वर्षी कोणीतरी हे वाक्य म्हणायचंच. केतकीला त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर ती त्याची वाट बघायची.

वेळ संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अंबिका येमूल. वय चव्वेचाळीस. सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, घरी बसून टॉवेलच्या कडा शिवतात. सात वर्षांपूर्वी आम्ही चाळीस दिवस त्यांच्या शरीराची नोंद घेतली. त्यातला हा एकोणिसावा दिवस. संध्याकाळी सहाला माल न्यायला माणूस येणार आहे आणि पन्नास टॉवेल बाकी आहेत. तुम्हाला जे जाणवलं, ते टंचाईचं ओझं. उद्या तुम्ही कारखाने चालवाल, दर ठरवाल. तेव्हा ही चौदा मिनिटं आठवा."

मग टाळ्या वाजल्या.

'दारिद्र्य आणि व्यवस्थापन' हा विषय केतकीने सुरू केला तेव्हा त्याला अकरा विद्यार्थी होते, तेही वेळापत्रकात दुसरं काही जमत नव्हतं म्हणून आलेले. तक्ते दाखवायचे, आकडे दाखवायचे, एखाद्या संस्थेची यशोगाथा सांगायची. मुलं परीक्षेत छान लिहायची आणि विसरून जायची. पुण्याच्या पश्चिमेला टेकडीला टेकून असलेल्या व्यवस्थापन संस्थेच्या काचेच्या इमारतीत गरिबी हा वर्षातून वीस तासांचा विषय होता. मग देहनोंद आली आणि सगळं बदललं.

माणसाच्या मेंदूपासून निघून हृदयाला, फुफ्फुसांना, पोटाला भेटत जाणारी एक लांबलचक नस असते. तिच्यातून निरोप दोन्ही बाजूंनी जातात, पण शरीराकडून मेंदूकडे जाणारे निरोप कितीतरी जास्त. छातीत धडधडतंय, पोटात खड्डा पडलाय, श्वास अडलाय. मेंदू ही बातमी वाचतो आणि तिलाच आपण भीती, काळजी, आनंद म्हणतो. या नसेची एक बारीक फांदी कानाजवळ त्वचेच्या अगदी खालून जाते. तिथे बसवलेली चकती आणि मनगटावरचा पट्टा मिळून ही बातमी टिपता येऊ लागली आणि तेच स्पंदन दुसऱ्याच्या कानाजवळ पोहोचवलं की त्याचा मेंदू ती बातमी आपल्याच शरीराची समजून वाचू लागला. याला देहनोंद म्हणत.

तिच्यात चित्र नसतं, आवाज नसतो, विचार नसतो. पोटात कालवलं एवढं कळतं. ते कशाने कालवलं, हे नोंद सांगत नाही. ते नोंद घेणाऱ्याने आपल्या वहीत लिहून ठेवायचं असतं. ती वही केतकीने लिहिली होती.

फेब्रुवारीच्या एका दुपारी निहार देवस्थळी तिला भेटायला आला. चार वर्षांपूर्वीचा तिचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. एकोणिसावा दिवस अनुभवून तो तेव्हा रडला होता आणि मोठ्या पगाराची नोकरी नाकारून त्याने 'हस्तसाथ' ही कंपनी काढली होती. घरी बसून काम करणाऱ्या बायकांना थेट काम मिळवून द्यायचं, मधला माणूस काढून टाकायचा. केतकी त्याचं उदाहरण प्रत्येक भाषणात द्यायची.

संचालकांच्या खोलीत त्याने पडद्यावर एक आलेख लावला.

"मॅडम, आम्ही बायकांना मनगटपट्टा देतो. तब्येतीसाठी. रक्तदाब वगैरे त्यांना दिसतो आणि त्यांना तो आवडतो. पण काम कधी पाठवायचं हा आमचा प्रश्न होता. सकाळी पाठवलं तर त्या घासाघीस करतात, दुपारी उत्तरच देत नाहीत. मग मी तुमची नोंद यंत्राला शिकवली. चाळीसही दिवस. आणि बघा, एकोणिसाव्या दिवसाचा जो नमुना आहे ना, तसा नमुना ज्या बाईच्या पट्ट्यात दिसतो, त्या क्षणी काम पाठवलं तर ती लगेच 'हो' म्हणते. दर न विचारता. सोलापुरात आठ महिने चाचणी चालू आहे, एकदाही चुकलं नाही म्हटलं तरी चालेल."

"दर न विचारता," केतकी म्हणाली.

"म्हणजे थोडा कमी असतो. पण काम हातचं जात नाही ना त्यांच्या." निहारचा चेहरा निर्मळ होता. "आता राज्यभर जायचंय. त्यासाठी नोंदीचा व्यापारी वापर करायला परवानगी लागेल. कायद्याने नोंद अंबिकाताईंची. त्यांची सही, आणि साक्षीदार म्हणून तुमची."

संचालक हसून म्हणाले, "वर्गातून थेट समाजात! आपल्या संस्थेच्या इतिहासात असं झालेलं नाही."

केतकीने आलेखाकडे पाहिलं. "पण निहार, टंचाईच्या ताणात माणूस जास्त घासाघीस करतो. बाजारात बघ. पैशापैशाला हुज्जत घालतो. मग या क्षणी या बायका गप्प का होतात? त्या नमुन्याचा अर्थ काय?"

"अर्थ तुम्हीच शिकवलात की मॅडम," तो म्हणाला. "आणि यंत्राला अर्थाची गरज नसते."

ती घरी आली आणि जुनी वही काढली. एकोणिसाव्या दिवसाच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'माल सहाला. पन्नास बाकी. मुलाखत उत्तम झाली. घरी पाहुणे होते.' नोंदीतला चढ सव्वाचारला सुरू होत होता आणि पाचनंतर ओसरत होता. सहाला माल जायचा होता, तर ताण सहापर्यंत वाढत जायला हवा होता. तो पाचलाच का उतरला? सात वर्षांत हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

दोन दिवसांनी ती सोलापूरला गेली. सात वर्षांत पहिल्यांदाच.

गल्ली रुंद झाली होती, पण यंत्रमागांचा आवाज तसाच होता. अंबिका दारातच शिलाई मशीनवर बसली होती. केस पांढरे झाले होते. केतकीला ओळखायला तिला क्षणभर लागला आणि मग ती एकदम उठली, पदराने स्टूल पुसलं, खोलीतले टॉवेलचे गठ्ठे पायाने कोपऱ्यात सारले.

"अगंबाई, मॅडम! फोन तरी करायचा की. बसा की, बसा. चहा टाकते."

"चहा नको अंबिकाताई."

"असं कसं? एवढ्या लांबून आलाव."

चहा झाला. केतकीने मुलीची चौकशी केली. श्रावणी दवाखान्यात नोकरीला होती, संध्याकाळी यायची. इकडचं तिकडचं बोलणं संपल्यावर केतकीने वही उघडली. आपला आवाज वर्गातल्यासारखा येतोय हे तिला कळत होतं, पण दुसरा आवाज सापडत नव्हता.

"ताई, तेव्हा आपण चाळीस दिवस पट्टा लावला होता. त्यातल्या एका दिवसाबद्दल विचारायचं होतं. गुरुवार होता. सव्वाचार ते पाच. तेव्हा नेमकं काय झालं होतं, आठवतंय?"

अंबिकाने बशी खाली ठेवली. "सात वर्षांपूर्वीचं कसं आठवणार मॅडम."

"घरी पाहुणे होते असं मी लिहिलंय."

मशीनवरच्या टॉवेलचा एक सुटा धागा अंबिकाने ओढला, तोडला.

"जाऊ द्या की ते," ती म्हणाली.

"मला माहीत असायला हवं, ताई. ती नोंद फार लोकांनी अनुभवलीय. इतर कॉलेजांतही. दोन हजारांच्या वर."

"दोन हजार?" अंबिकाने वर पाहिलं. "त्या दिवसाचं? माझ्या पोटातलं?"

केतकीने मान हलवली.

मग अंबिका बोलली ती मशीनकडे बघत, अगदी सपाट आवाजात. "त्या दिवशी तुम्ही आला होता, मॅडम. श्रावणीला बघायला माणसं आली होती. मुलगा, त्याची आई, मामा. त्या कॉटवर बसले होते. मी उधारीवर फरसाण आणलं होतं, शेजारच्या लताकडून चांगले कप आणले होते. आणि तुम्ही दोन पोरांना घेऊन आलाव. कॅमेरा होता. मी म्हणलं, मॅडम, आज नको. तुम्ही म्हणलाव, दहाच मिनिटं, आमची गाडी परत जायचीय."

"मी तसं म्हणाले?"

"हौ. मग तुम्ही ते कागदावरचे प्रश्न विचारायला लागलाव. काल रात्री काय जेवलात. महिन्यातून किती वेळा उपाशी झोपता. संडास घरात आहे का. त्या बाईसमोर. मी म्हणलं वरण-भात, भाजी. तर तुमच्यातला तो पोरगा म्हणाला, ताई, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं, खरं तेच सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही." अंबिका थांबली. "श्रावणी आत भिंतीला टेकून उभी होती. तिचं तोंड मला दिसत होतं."

बाहेर एक रिक्षा मागे घेताना वाजत राहिली.

"त्यांनी नंतर निरोप दिला, सध्या घाई नाही म्हणून. तुमच्यामुळं मोडलं असं मी म्हणत नाही. हुंड्याचंपण काय काय होतं. पण ते पाऊण तास... जमीन फाटावी असं झालं होतं मला. माल-बिल काही डोक्यात नव्हतं. माल तर मी रोजच देते, त्याचं काय एवढं."

केतकीने वहीकडे पाहिलं. 'मुलाखत उत्तम झाली.' त्या दिवसातल्या सगळ्या घटना तिने लिहिल्या होत्या. भाव, माल, पाणी आलं ती वेळ, वीज गेली ती वेळ. स्वतःचं येणं तिने घटना म्हणून धरलंच नव्हतं. बघणारा माणूस चित्रात नसतो, अशी तिची समजूत होती. सात वर्षं ती मुलांना सांगत होती की हे भुकेचं ओझं, हे टंचाईचं ओझं. ते ओझं तिचं होतं. ती मुलं अंबिकाच्या शरीरात शिरून बसत होती आणि तिथून जे असह्य वाटत होतं, ती स्वतः केतकी होती, हातात कागद घेऊन स्टुलावर बसलेली.

तिचे कान तापले.

"ताई, मी..."

तेवढ्यात अंबिकाच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. निळा पट्टा, 'हस्तसाथ'चा. केतकीने तो आतापर्यंत पाहिलाच नव्हता. मशीनवरच्या फोनमधून एका बाईचा गोड आवाज आला: "ताई, तुमच्यासाठी काम आहे. दोनशे टॉवेल, उद्या दुपारपर्यंत. घेणार ना?" खाली दर लिहिला होता.

अंबिकाने बोटाने 'हो' दाबलं. फोनकडे न बघता.

"थांबा!" केतकी जवळजवळ ओरडली. "दर बघितलात?"

"काय आता बघायचं," अंबिका म्हणाली. मग तिने पाहिलं. दर नेहमीच्या निम्म्याहून थोडाच जास्त होता. "हे असंच होतं बघा. नको त्या वेळी येतं आणि मी हो म्हणून बसते. परवा श्रावणी म्हणाली, आई तुझं डोकं चालत नाही आता. मलापण तसंच वाटलालंय." ती हसली. "वय झालं."

"वय नाही झालं, ताई."

केतकीने सगळं सांगितलं. पट्टा काय बघतो, काय ओळखतो, ते ओळखायला कोणाकडून शिकला, आणि राज्यभर जायला आता अंबिकाची परवानगी कशी लागते. मान खाली गेलेला माणूस भाव करत नाही, त्याला फक्त ती वेळ संपवायची असते, आणि ती वेळ नेमकी कशी दिसते याचा नमुना पुण्याहून गेला होता. मोडक्यातोडक्या शब्दांत सांगत असताना तिला वाटत होतं की अंबिका चिडेल, हाकलून देईल. चिडली असती तर बरं झालं असतं.

अंबिकाने पट्टा काढला आणि मशीनच्या खणात टाकला. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही सहीसाठी आलाव."

बॅगेत कागद होता. केतकी खोटं बोलू शकली असती.

"हो," ती म्हणाली. "पण आता करू नका."

"ते मी ठरवते," अंबिका म्हणाली. "आज जावा तुम्ही."

पुण्यात संचालकांनी तिचं ऐकून घेतलं आणि पाणी पुढे केलं. त्यांना वाटलं, तिला बरं नाही. निहार मात्र पांढराफटक पडला. एवढ्याने तरी केतकीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही तिला लाज वाटली.

"अंबिकाताई परवानगी मागे घेताहेत," ती म्हणाली. परवाच त्यांचा फोन आला होता. एकच वाक्य: काढून टाका सगळं. "नोंद पुसून टाक."

"पुसतो. आजच." निहार खुर्चीवर पुढे सरकला. "पण मॅडम, तुम्हाला खोटं नाही सांगणार. यंत्र ते शिकून बसलंय. आता त्याच्याकडे नऊ हजार बायकांचे पट्टे आहेत, त्यांच्यावरून ते स्वतःच शिकतंय. तुमची नोंद गेली तरी फरक पडणार नाही."

"मग ते बंद कर."

"माझ्या एकट्याच्या हातात नाही ते. गुंतवणूकदार आहेत, सोळा माणसांचे पगार आहेत." मग त्याने विचारलं, "त्या दिवशी 'लाजण्यासारखं काही नाही' असं म्हणणारा मुलगा कोण होता?"

"तुझ्या आधीच्या एका तुकडीतला. नाव कशाला हवं? मी त्याला थांबवलं नाही."

"मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं," निहार म्हणाला. "मी वाईट माणूस आहे का, मॅडम?"

"तू चांगला विद्यार्थी होतास," केतकी म्हणाली.

शेवटचा तास तिने चकत्यांशिवाय घेतला. बासष्ट जणांसमोर उभी राहून तिने त्या गुरुवारी काय घडलं ते सांगितलं, आपण काय विचारलं ते शब्दशः सांगितलं. सांगताना दोनदा पाणी प्यावं लागलं. खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला.

"म्हणजे आम्हाला जे वाटलं ती गरिबी नव्हतीच?"

"गरिबी काय असते ते मला माहीत नाही," केतकी म्हणाली. "तुम्हाला वाटलं ते हे होतं की आपल्या घरात कोणीतरी येऊन आपल्याला बघतंय."

"मग या विषयात आम्ही काय शिकलो?"

"तेही मला सांगता येणार नाही," केतकी म्हणाली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या वर्षापासून तो विषय दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी गुजरातेतल्या एका मिठागर कामगाराची नवी नोंद मागवल्याचं तिच्या कानावर आलं. तिने पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

एप्रिलमध्ये ती पुन्हा सोलापूरला गेली. या वेळी फोन करून, विचारून. अंबिका म्हणाली होती, या, रविवारी दुपारी बायका जमणार आहेत.

ऊन रणरणत होतं. गल्लीत, लताच्या घरापुढच्या पत्र्याच्या सावलीत चौदा-पंधरा बायका बसल्या होत्या. काहींच्या मांडीवर टॉवेल होते, बोलता बोलता धागे कापणं चालू होतं. मधोमध प्लास्टिकची एक टोपली होती आणि तिच्यात निळे पट्टे आणि फोन ठेवलेले होते. अंबिकाने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, केतकीने सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी सोप्या शब्दांत. आता काम सुरू करताना पट्टे आणि फोन टोपलीत जात आणि टोपली ज्या घरी सुतक नाही, आजारपण नाही, भांडण नाही अशा घरी राही. कामाला उत्तर एकच बाई देई, सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, सगळ्यांच्या वतीने. दर आठवड्याला बाई बदलायची. पहिले दोन आठवडे काम जवळजवळ आलंच नाही. दोन बायका कंटाळून आपापले पट्टे घेऊन गेल्या. तिसऱ्या आठवड्यात काम आलं, जुन्यापेक्षा थोड्या कमी दराने.

"थोडंच कमी," अंबिका म्हणाली. "बघू पुढं."

"मी कंपनीला एक पत्र लिहून देऊ का?" केतकीने विचारलं. "मला त्यांची भाषा येते. कायद्यातली कलमं वगैरे..."

"लिहाल नंतर. आता नुसतं बसा."

ती बसली. तिने वही काढली नाही. बायका बराच वेळ तेलुगूत बोलत होत्या, मधूनच हसत होत्या, आणि तिला कोणी काही समजावून सांगितलं नाही. लताने चहा आणला, तोही सगळ्यांबरोबरच, ज्या कपांत सगळ्यांना त्याच कपांत. श्रावणी दवाखान्यातून आली, केतकीला पाहून क्षणभर थबकली, आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. केतकीला तिच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही.

गल्लीच्या टोकाकडून एक म्हातारी बाई काठी टेकत आली. अंबिकाच्या लांबच्या नात्यातली असावी. सावलीत टेकता टेकता तिने केतकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तिची साडी, तिचं घड्याळ, चप्पल.

"ही कोण बाई?" तिने मोठ्याने विचारलं. "पुण्याची ती तर नव्हं? श्रावणीच्या वेळची?"

बोलणं थांबलं. पंधरा बायकांनी केतकीकडे पाहिलं. तिला तिथून उठून जावंसं वाटलं, कुठेही.

अंबिकाने धागा दाताने तोडला.

"ओळखीच्या आहेत माझ्या," ती म्हणाली. "तू सरक इकडं, ऊन लागलालंय तुला."

बोलणं पुन्हा सुरू झालं. केतकी खाली मान घालून बसून राहिली. थोड्या वेळाने शेजारच्या बाईने एक टॉवेल आणि कात्री तिच्या मांडीवर ठेवली, आणि ती धागे कापू लागली. दोन टॉवेल वाकडे कापले गेले. श्रावणीने ते तिच्या हातातून घेतले आणि कसे कापायचे ते दाखवलं.